परसातील पाखरे : आयत की अपशकुन?



फेब्रुवारीच्या मध्यावर फज्रची नमाज आटोपून क्षणभर आपल्या परसात उभे राहा. हिवाळाभर जवळजवळ मुका असलेला तांबट उंबराच्या फांदीवरून ठोके देऊ लागलेला असतो. मळकट दिसणारा शिंजीर नर गडद जांभळी झळाळी धारण करीत असतो. थोड्याच दिवसांत दयाळही पहाटे गाऊ लागतो. वाढत्या दिवसाचा उजेड पाखरांच्या देहाला जाणवतो. ज्याने सूर्याला प्रमाण घालून दिले, त्यानेच ही जाणीव त्यांच्या ठायी ठेवली आहे.

सूरह अन्-नूरच्या ४१व्या आयतीचा आशय असा की, आकाश व पृथ्वीतील सर्व जण आणि पंख पसरलेली पाखरेही अल्लाहचे पावित्र्यगान करतात; प्रत्येकाला आपली उपासना ठाऊक असते.

परंतु पाखरांकडे पाहणारी प्रत्येक नजर आयतच पाहते, असे नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत एक वयोवृद्ध भगिनी माझ्याकडे आल्या. मुलगा अंथरुणाला खिळलेला होता आणि घरामागच्या जुन्या चिंचेवर रोज रात्री पिंगळा चिरकत असे. त्यांनी विचारले, “इमामसाहेब, चिंच तोडून टाकू का?” मी त्यांच्या परसात गेलो. चिंचेच्या ढोलीत पिंगळ्याच्या जोडीने घर मांडले होते. ज्याला त्या मृत्यूचा सांगावा समजत होत्या, तो त्या जिवांचा वसंत होता!

अज्ञानकाळातील अरब प्रवासाला निघताना पाखरू उडवीत. ते उजवीकडे गेले तर शुभ, डावीकडे गेले तर अशुभ मानीत. अपशकुनासाठी असलेला ‘तियरा’ हा अरबी शब्द ‘तैर’ म्हणजे पाखरू यावरूनच आला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही समजूत नाकारली आणि तिला शिर्क ठरवले, कारण लाभ-हानीचा अधिकार केवळ अल्लाहचा आहे. त्याच प्रेषितांनी (स.), काही सोबत्यांनी एका पक्षिणीची दोन पिले उचलून आणली तेव्हा तिची तगमग पाहून पिले परत करायला लावली. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हा प्रसंग आहे.

मी त्या भगिनींना म्हणालो, “खाला, झाड राहू द्या. मुलाला दवाखान्यात न्या आणि दुआ करा.” मुलगा पुढे बरा झाला. तो बरा झाला नसता, तरीही पिंगळा निर्दोषच राहिला असता.

वाचकहो, शकुन पाहणारा मनुष्य पाखराला आपले भवितव्य विचारतो आणि भयभीत होऊन परततो. आयत पाहणारा त्या पाखराच्या निर्मात्याकडे वळतो. आपल्या परसात या दिवसांत कोणती नजर घेऊन आपण उभे राहतो, हे ज्याने त्याने तपासावे. उन्हाळा तोंडावर आहे. पाण्याचे एक पसरट भांडे बाहेर ठेवा आणि ढोलीचे झाड तोडण्यापूर्वी आत कोण राहते ते पाहा.

अल्लाह आम्हां सर्वांची अंतःकरणे भ्रामक भयापासून मुक्त करो आणि आपल्या निशाण्या ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.