'एक्स्क्यूज', 'फर्गिव्ह' आणि वाचकाचा अधिकार

इंग्रजीतील 'एक्स्क्यूज' आणि 'फर्गिव्ह' ही क्रियापदे शिष्टाचारात एकमेकांची जागा सहज घेतात. मराठीत तर 'माफ करणे' हा एकच प्रयोग दोहोंसाठी पुष्कळदा पुरतो. नैतिक विचारात मात्र त्यांची गृहीते परस्परविरोधी आहेत. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ मधील 'अ प्ली फॉर एक्स्क्युजेस' या व्याख्यानात समर्थन आणि सबब यांत भेद केला. समर्थन करणारा कृतीची जबाबदारी घेतो, पण ती वाईट होती हे नाकारतो. सबब सांगणारा कृती वाईट होती हे मान्य करतो, पण तिची पूर्ण जबाबदारी स्वीकारीत नाही. 'फर्गिव्ह' या दोहोंच्या पलीकडचे आहे. कृत्य वाईट होते आणि कर्ता त्यास जबाबदार होता, हे मान्य केल्यावरच क्षमेचा प्रश्न उद्भवतो. सबबीने जेवढा दोष वजा होतो, तेवढे क्षमा करण्याजोगे काही उरत नाही.

दुसरा भेद अधिकाराचा आहे. भय, अज्ञान, सक्ती ही कारणे कोणीही मांडू शकतो आणि ती खरी की खोटी हे तपासता येते. क्षमा हा मात्र पुराव्यावरून निघणारा निष्कर्ष नव्हे. ती देण्याचा अधिकार, मुख्यतः, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा असतो.

आत्मकथनाच्या समीक्षेत हा भेद निर्णायक ठरतो. तरुणपणी तुरीन येथे रूसोने एक फीत चोरली आणि चोरीचा आळ मारिओं या निरपराध मोलकरणीवर घातला. 'कन्फेशन्स'मध्ये तो अपराध कबूल करतो; पण तिच्याविषयीच्या ओढीमुळेच तिचे नाव तोंडी आले, असेही सांगतो. मारिओंचे पुढे काय झाले हे त्याला कधीच कळले नाही. म्हणजे जिच्याकडे क्षमा मागायची तिच्याऐवजी वाचकापुढे सबब ठेवली जाते.

पॉल द मान यांनी 'अ‍ॅलेगरीज ऑफ रीडिंग' (१९७९) मध्ये या प्रसंगाचे प्रसिद्ध वाचन केले. सबबीची भाषा ज्या अपराधातून मुक्त करू पाहते तोच अपराध ती निर्माण करते आणि मारिओंचे नाव हा केवळ यदृच्छेने उमटलेला ध्वनी असू शकतो, असे ते सुचवितात. जर्मन ताब्यातील बेल्जियममध्ये त्यांनी वृत्तपत्रांत केलेले लेखन १९८७ मध्ये उजेडात आले. १९४१ च्या एका लेखात उघड ज्यूद्वेष होता. तेव्हापासून हे वाचन निर्विकारपणे करणे अवघड झाले आहे. लेखकाचे वय एकवीस होते, काळ परकीय सत्तेचा होता, ही कारणे सबबी म्हणून तोलता येतात व तोलावीत. मात्र ती तोलून झाल्यावर 'क्षमा केली' किंवा 'क्षमा नाही' असा निकाल देणारा समीक्षक दुसऱ्याचे आसन बळकावतो.

यामुळे समीक्षा हतबल होत नाही. सबबीची सत्यता तपासणे हे तिचे काम उरतेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, द मान यांच्या वाचनात मारिओं ध्वनीपुरती उरते. तिच्यावरील अन्याय मात्र ध्वनीपुरता नव्हता, याचे स्मरण वाचनात ठेवणे समीक्षेला शक्य आहे.