खालची दिशा



आपल्या वस्त्यांतून रोज सकाळी माणसे डबा घेऊन कामाला निघतात. कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, कोणी नाशिकरोडच्या छापखान्यात, कोणी कचेरीत, कोणी शाळेत. आपल्या वाडवडिलांनी फक्त हुकूम ऐकले. आज आपल्यातही कोणी मुकादम आहे, कोणी सुपरवायझर, कोणी हेडमास्तर. म्हणून विचारतो, आपल्या हाताखालच्या माणसाशी आपण कसे वागतो?

राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण रोज सहा दिशांना नमस्कार करी. भगवान बुद्धांनी त्याला समजावले की, दिशा म्हणजे माणसे. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन आणि खालची दिशा म्हणजे नोकर-कामगार. त्यांच्याशी मालकाने पाच प्रकारे वागावे : शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. मग कामगारही काम नीट करतो, दिले तेवढेच घेतो आणि चारचौघांत मालकाचे नाव चांगले सांगतो. क्रम ध्यानात घ्या. आधी मालकाचे कर्तव्य, मग कामगाराची निष्ठा.

हे नसले म्हणजे काय होते, ते परमपूज्य बाबासाहेबांनी सोसले. 1917 साली परदेशी विद्या घेऊन ते बडोद्याला अधिकारी म्हणून गेले. कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे फायली लांबून फेकत. राहायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत नोकरी सोडावी लागली. विद्या कमी पडली काय? नाही. माणूस म्हणून वागवणारे कमी पडले.

पुढे 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1946 साली बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. शक्ती पाहून काम द्यावे, ही गोष्ट कायद्यात उतरली. पण कायदा तास मोजतो. “पोराचा ताप उतरला का?” हे कायदा विचारत नाही. ते वरच्या माणसानेच विचारावे लागते.

मात्र नुसते गोड बोलून भागत नाही. पगार अडवायचा आणि पाठीवर हात फिरवायचा, ही मैत्री नव्हे, लबाडी आहे.

तेव्हा नव्या पोराच्या हातून काम बिघडले, तर सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा करू नका. बाजूला घेऊन पुन्हा दाखवा. तो उद्या भीतीने नव्हे, उमेदीने मशीनवर उभा राहील. झाडू मारणाऱ्या बाईला नावाने हाक मारा. तिचा कप वेगळा ठेवाल, तर बडोद्याची ती फाईल तुम्हीच फेकलीत असे समजा.

पंचशील विहारात म्हणतो, ते कामाच्या जागीही पाळू या.

जयभीम!