शोधयंत्र आणि आप्ततेचा प्रश्न

१

यादी आणि क्रमवारी यांत मूलभूत भेद आहे. ग्रंथसूचीतील नोंदी वर्णानुक्रमाने वा विषयवार लावलेल्या असतात. वरची नोंद खालच्या नोंदीपेक्षा श्रेष्ठ, असे सूचिकाराला म्हणावयाचे नसते. शोधयंत्र, म्हणजे रूढ शब्दात सर्च इंजिन, विचारलेल्या शब्दाला उत्तर म्हणून दहा पाने मांडते तेव्हा मात्र पहिले पान पहिले असण्याला अर्थ असतो. 'विचारणाऱ्यासाठी हे त्याहून अधिक ग्राह्य आहे' असे विधान त्या क्रमात अनुस्यूत असते. जेथे विधान आहे तेथे त्याच्या प्रामाण्याचा आणि विधानकर्त्याच्या जबाबदारीचा प्रश्न अटळ ठरतो. शोधयंत्रांच्या फलितांचा दर्जा घसरल्याची जी तक्रार अलीकडे वारंवार केली जाते, तिचा विचार निव्वळ तांत्रिक बिघाड म्हणून करून भागत नाही, ते याचमुळे.

१९९५ मध्ये आलेल्या अल्टाव्हिस्टासारख्या शोधयंत्रांची भिस्त मुख्यतः पानावरील शब्दांवर होती. पान स्वतःविषयी जे सांगे ते ग्राह्य धरले जाई. साहजिकच एकच शब्द पुनःपुन्हा लिहून पान वर चढवता येई. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी वेगळी दृष्टी मांडली. पान स्वतःविषयी काय म्हणते याबरोबरच इतर पाने त्याच्याकडे किती दुवे देतात, आणि दुवे देणारी ती पाने स्वतः किती मान्यता पावलेली आहेत, हे त्यांनी मोजले. या कल्पनेचे मूळ विद्याक्षेत्रातील संदर्भगणनेत होते. यूजीन गारफील्ड यांची विज्ञानविषयक संदर्भसूची १९६० च्या दशकातच प्रसिद्ध होऊ लागली होती. ज्ञानाचे प्रामाण्य ज्ञानातच असते असे मीमांसक मानतात, तर ते बाहेरून निश्चित करावे लागते असे नैयायिक मानतात. ही परिभाषा काहीशा सैलपणे वापरली तर शोधयंत्रांचा हा प्रवास स्वतःप्रामाण्याकडून परतःप्रामाण्याकडे झाला असे म्हणता येईल.

या नव्या प्रमाणाचे बळ एका गोष्टीवर अवलंबून होते, ती म्हणजे साक्षीदाराचे अजाणतेपण. एखाद्या अभ्यासकाने आपल्या पानावर दुसऱ्याच्या पानाचा दुवा दिला तो वाचकाच्या सोयीसाठी. आपण कोणाच्या बाजूने साक्ष देत आहोत, याची त्याला कल्पना नव्हती. म्हणूनच ती साक्ष विश्वसनीय होती. दुवे मोजले जातात हे सर्वश्रुत झाल्यावर ते विकत घेतले जाऊ लागले, अदलाबदलीने दिले जाऊ लागले, आणि पान वर आणून देणे हा एक व्यवसाय झाला. चलनधोरणाच्या संदर्भात चार्ल्स गुडहार्ट या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये जे निरीक्षण नोंदवले, ते येथे तंतोतंत लागू पडते: एखाद्या खुणेवर नियंत्रणासाठी भार टाकला की ती खूण भरवशाची राहत नाही.

२

लाइपझिग आणि वायमार येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वस्तूंच्या परीक्षणांसंबंधीच्या ७,३९२ शोधप्रश्नांची फलिते वर्षभर तपासली. वरच्या क्रमांकांवर येणारी पाने सरासरीने यंत्रासाठी अधिक बेतलेली, विक्रीतून दलाली मिळवून देणाऱ्या दुव्यांनी अधिक भरलेली, आणि मजकूर म्हणून अधिक निकृष्ट असल्याचे त्यांना दिसून आले. साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने यातील लक्षणीय बाब अशी की, या मजकुराचा अभिप्रेत वाचक बदललेला आहे. वोल्फगांग ईझर यांच्या विवेचनातील अभिप्रेत वाचक हा संहितेच्या रचनेतच वसलेला असतो. या पानांच्या रचनेत वसलेले आहे ते यंत्र. लांबलेले प्रास्ताविक, तेच शब्द घोळवणारी उपशीर्षके, कोणीही न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे, या साऱ्यांचा रोख यंत्राकडे असतो. मनुष्य उरतो तो केवळ ग्राहक म्हणून.

येथे एक आक्षेप संभवतो. दोष महाजालातील लेखनाचा आहे, शोधयंत्राचा नव्हे. आरसा चेहरा कुरूप करीत नाही. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. निकृष्ट मजकूर मागे सारण्याचे प्रयत्न शोधयंत्रे करीत असतात. २०११ मध्ये गूगलने केलेला 'पांडा' नावाचा बदल त्यासाठीच होता. वर उल्लेखिलेल्या अभ्यासातही अशा बदलांचा परिणाम दिसतो, परंतु तो अल्पकाळ टिकतो. तथापि आरशाची उपमा फसवी आहे. आरशात पाहून चेहरा आपली ठेवण बदलत नाही. लेखन मात्र शोधयंत्र ज्या रीतीने वाचते त्या रीतीने घडत गेले आहे. सर्वांत सामर्थ्यवान वाचक हा लेखनाचा अप्रत्यक्ष लेखकही असतो.

यातूनच खरा पेच निर्माण होतो. समीक्षक जेव्हा दोन कृतींत डावे-उजवे करतो तेव्हा त्याला कारणे द्यावी लागतात. कारणांवाचून केलेला निवाडा ही समीक्षा नव्हे, तो फतवा होय. शोधयंत्र आपली कारणे पूर्णपणे उघड करू शकत नाही, कारण निकष उघड झाला की तो निकामी होतो. क्रमवारी खरी राहण्यासाठी तिची कारणे झाकलेली असावी लागतात, आणि कारणे झाकलेली असल्यामुळे तिचा खरेपणा पडताळता येत नाही. अशा स्थितीत वाचकाजवळ एकच आधार उरतो: निवाडा करणाऱ्याच्या हेतूवरील विश्वास.

३

न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे जे लक्षण सांगितले आहे, त्यात दोन अटी आहेत. आप्ताला वस्तूचे साक्षात् ज्ञान असले पाहिजे, आणि ते जसे आहे तसे इतरांना सांगण्याची इच्छा त्याच्या ठायी असली पाहिजे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे, असेही तो म्हणतो. आप्तता कुळावरून ठरत नाही, तशी ती कीर्तीवरून वा सवयीवरूनही ठरत नाही.

शोधयंत्र पहिली अट पुरी करीत नाही. त्याला वस्तूचे नव्हे, वस्तूविषयी लिहिणाऱ्यांचे ज्ञान असते. दुसऱ्या अटीविषयीची शंका त्याच्या जनकांनीच व्यक्त केली होती. जाहिरातींवर चालणाऱ्या शोधयंत्राचा कल स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल, असा इशारा ब्रिन आणि पेज यांनी १९९८ च्या आपल्या निबंधाच्या परिशिष्टात दिला होता. २००० मध्ये त्यांच्याच कंपनीने जाहिरातींचा मार्ग स्वीकारला. गूगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, असा निर्णय वॉशिंग्टन येथील संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. त्या निकालपत्रात कंपनीच्या २०२० मधील एका अंतर्गत अभ्यासाचा उल्लेख आहे: फलितांचा दर्जा बराच खालावला तरी शोधसेवेचे उत्पन्न घटणार नाही, असे त्यात आढळले होते. दर्जा हेतुतः घटवला गेला, असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र प्रामाणिकपणा सोडल्याने काही गमवावे लागणार नाही, हे त्या प्रामाणिकपणाच्या पालकाला ठाऊक होते, एवढे निश्चित होते. 

मे २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत फलितांच्या वर यंत्ररचित सारांश देण्यास सर्वत्र प्रारंभ केला. थोड्याच दिवसांत अशा एका सारांशाने पिझ्झ्यावर चीज घट्ट बसावे म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळण्याचा सल्ला दिला. कोणी तरी अनेक वर्षांपूर्वी केलेला विनोद यंत्राने अभिधेने वाचला होता. व्यंजना त्याच्या आवाक्याबाहेर राहिली. हा प्रमाद हास्यास्पद म्हणून विसरता येईल, आणि असे प्रमाद दुरुस्तही होतील. त्यामागील स्थित्यंतर मात्र विसरण्याजोगे नाही. यादीत प्रत्येक पान आपल्या नावानिशी उभे होते. विनोद करणारा कोण, हे तेथे जाऊन पाहता येत होते. सारांशात अनेकांचे आवाज एका निर्वैयक्तिक स्वरात मिसळतात आणि 'हे कोण म्हणते?' हा प्रश्नच पुसट होतो. दुवे सोबत दिलेले असले, तरी ते उघडण्याची गरज वाटू नये अशीच त्या स्वराची घडण असते.

वाचकाचा वेळ वाचवावा, हे एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्रीय नियमांपैकी एक. परंतु ग्रंथपाल वाचवतो तो पुस्तक सापडण्याचा वेळ. पुस्तक वाचण्याचा आणि त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवण्याचा वेळ तो वाचकाचाच मानतो. शोधयंत्राने हा दुसरा वेळही वाचवू केला आणि वाचकाने तो कृतज्ञतेने वाचू दिला. फलितांच्या ऱ्हासात वाचकाचाही जो वाटा आहे, तो हा. वाट दाखवणाऱ्याला आप्त मानण्याची सक्ती त्याच्यावर कोणी केलेली नव्हती.