देहाचे मोजमाप

मनुष्याने स्वतःचा देह कितपत स्वीकारला आहे, हे मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञांनी प्रश्नावल्या तयार केल्या आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रश्नावलीत दहा विधाने आहेत. शरीराविषयीचा आदर, त्याच्या गरजांकडे लक्ष, स्वतःच्या रूपाबद्दलचे समाधान अशा गोष्टींवर ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ यांपैकी एक उत्तर निवडायचे आणि शेवटी सरासरी काढायची. साधन उपयुक्त आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्याचे मन दुखावले, त्याचेच मोजमाप त्यात होते. ज्याच्या जिभेने ते दुखावले, तो या कागदावर कोठेच येत नाही.

इस्लामी शिकवण त्यालाही जाब विचारते. हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) मिस्वाकसाठी झाडावर चढले होते. वाऱ्याने वस्त्र हलले, त्यांच्या काटकुळ्या पोटऱ्या दिसल्या आणि लोक हसले. कशाला हसता, असे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी विचारले आणि हेच पाय मीजानमध्ये उहुद पर्वताहून जड भरतील, असे शपथेवर सांगितले. लक्षात घ्या, पाय बारीक नाहीत असे ते म्हणाले नाहीत. खोट्या स्तुतीने कोणाची समजूत घातली नाही.

सूरह हुजुरातमध्ये पुरुषांना आणि स्त्रियांना वेगवेगळे उद्देशून थट्टेची मनाई केली आहे, वाईट नावांनी हाक मारण्याचीही. तरीही ‘काळ्या’, ‘बुटकी’, ‘ढोल्या’ ही नावे आपल्या घरांत लाडाची समजली जातात. (त्या मुलाला ती लाडाची वाटतात काय, हे सहसा कोणी विचारत नाही.) स्थळ पाहून परतणारी मंडळी तर जिना उतरता उतरताच मुलीच्या रंगाची आणि उंचीची चर्चा सुरू करतात. पसंती-नापसंतीचा हक्क शरीअतने दिला आहे; येथे प्रश्न त्या चर्चेचा आहे. हजरत आयशा (रजि.) यांनी हजरत सफिय्या (रजि.) यांच्या ठेंगणेपणाचा नुसता उल्लेख केला, तेव्हा हा शब्द समुद्रात मिसळला तर त्याचे पाणीही बिघडेल, असे पैगंबर (स.) यांनी सुनावले होते.

यावर, आम्ही खोटे काय बोललो, असा बचाव केला जातो. पैगंबर (स.) यांनाही सहाबांनी हेच विचारले होते. सांगितलेला दोष त्या व्यक्तीत खरोखर असेल तर ती गीबत आणि नसेल तर तो बोहतान, असे त्यांचे उत्तर आहे.