कोणाची भीती लिहायची?

सिंदी मेघेतल्या रेशन दुकानात पॉस मशीनवर अंगठा लावताना आपण स्कॅनरमधल्या एका चिपवर भरवसा ठेवत असतो. आधारच्या एल-१ दर्जाच्या स्कॅनरसाठी अट साधारण अशी आहे: मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमला आतली गुप्त किल्ली मिळवण्याचा किंवा बाहेरून खोटा ठसा घुसवण्याचा कुठलाही मार्ग असता कामा नये.

‘कुठलाही मार्ग नाही’ हे सिद्ध कसं करायचं? हजार चाचण्यांत गळती सापडली नाही, म्हणून पुढच्या वेळी होणार नाही असं थोडंच आहे! त्यामुळे हार्डवेअर पडताळणारे वेगळा प्रश्न विचारतात. एकाच डिझाइनच्या दोन प्रती घ्या. दोन्हींना आदेश तेच द्या, किल्ली मात्र वेगळी ठेवा. ठरवून बाहेर सोडलेला सांकेतिक मजकूर वगळता, बाहेरच्याला दोहोंत काही फरक दिसू शकतो का? या विचाराचं मूळ गोगेन आणि मेसेगेर यांच्या १९८२ च्या निबंधात आहे. फरक दिसूच शकत नाही, हे आज गणिताने दाखवता येतं.

पण बाहेरच्याला काय काय दिसतं, हे ठरवतो माणूसच. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर उघड झाले, तेव्हा हेच कळलं. आदेशांचे निकाल नियमाप्रमाणे बरोबर येत होते. गुपित निसटत होतं ते वेळेतून: कॅशेमधली माहिती लवकर येते, बाकीची उशिरा, आणि तो उशीर मोजता येतो. नियमांत वेळेबद्दल वाक्यच नव्हतं.

म्हणजे सिद्धता फक्त लिहिलेल्या भीतीला उत्तर देते. मग कोणाची भीती लिहायची, हा प्रश्न गणिताचा राहत नाही, नीतीचा होतो.

वरची अट पुन्हा वाचा. किल्ली बाहेर जाऊ नये, खोटा माणूस आत येऊ नये. दोन्ही रास्त आहे. पण आयुष्यभर कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईची भीती तिसरीच असते: मी खरी असूनही मशीन मला नाही म्हणेल. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं, की ठसा जुळला नाही म्हणून कोणाचं धान्य अडवू नका. सूचना चांगलीच आहे. पण खोट्याला अडवण्याची अट चिपमध्ये कोरलेली आणि खऱ्याला न अडवण्याची अट परिपत्रकात. परिपत्रक माणूस विसरतो. सर्किट काही विसरत नाही.

सगळ्या भीती आधीच सुचणार नाहीत, हे मान्य. तरी ‘दिलेली अट मी सिद्ध केली’ एवढं म्हणून इंजिनिअरला हात झटकता येत नाहीत. अट लिहिणाऱ्या खोलीत रांगेतलं कोणी नसतं. त्यांच्या वतीने निदान एक वाक्य लिहिणं आपल्या हातात असतं, आणि ते डिझाइन कारखान्यात जायच्या आधीच लिहावं लागतं.