वाजला म्हणजे झालं, असं कुणी सांगितलं?

पेचकस खाली ठेव आणि इकडे बघ. जिंतूरच्या हळदीच्या कार्यक्रमात ऐन गाण्यात गिटारचा आवाज बसला, ॲम्प्लिफायरच्या मागून जळका वास आला आणि तू मला सांगतोस, "सर, ट्यूबच डुप्लिकेट निघाल्या." ट्यूबला दोष देण्याआधी एवढंच सांग, त्या बसवल्यावर तू काय मोजलंस? काहीच नाही. चार स्क्रू काढले, जुन्या उपटल्या, नव्या खोचल्या, वाजला म्हणून पैसे घेतले आणि माल देऊन टाकला. याला दुरुस्ती म्हणत नाहीत. एवढं तर त्या गिऱ्हाइकालाही घरी करता आलं असतं. तुझ्याकडे कशाला आला असता तो?

पुढची ईसीसी८३ बदलली तर बायस बघावा लागत नाही, हे मीच शिकवलं. तू तोच नियम मागच्या दोन ईएल३४ ना लावलास. त्या पॉवर ट्यूब आहेत, बाबा. कुणी तार छेडत नसलं तरी त्यांच्यातून करंट वाहतच असतो, न्यूट्रलवर उभ्या ट्रॅक्टरचं इंजिन चालू असावं तसा. तो किती वाहायचा हे ग्रिडवरचं निगेटिव्ह व्होल्टेज ठरवतं, तोच बायस. निगेटिव्ह जास्त झालं तर करंट आटतो आणि हळू वाजवताना आवाज खरखरीत, तुटक येतो. निगेटिव्ह कमी पडलं तर प्लेट तापते आणि अंधारात बघितलं तर लालभडक दिसते. एकाच कंपनीच्या, एकाच नंबरच्या दोन ट्यूबसुद्धा त्याच बायसवर सारखा करंट ओढतील याची खात्री नसते. म्हणून जुळवलेली जोडी घ्यायची आणि तरीही मोजायचं. काही ॲम्पमध्ये कॅथोड बायस असतो, तिथे फिरवायला प्रीसेट नसतो. यात प्रीसेट आहे, चेसिसवर तुझ्या डोळ्यांसमोर. त्यावरची धूळसुद्धा हललेली नाही.

आणि "आठ पिनांची खोबण बसली, म्हणजे चालतं" हे डोक्यातून काढ. लंडनच्या जिम मार्शलनं १९६२ साली पहिले गिटार ॲम्प काढले तेव्हा त्यात ५८८१ होत्या, पुढे केटी६६ आल्या, मग ईएल३४. खोबण तीच, पण प्रत्येकीचा बायस वेगळा. ६एल६ ट्यूबच्या सॉकेटमध्येही ईएल३४ गुमान बसते. तिची १ नंबरची पिन ८ नंबरला जोडलेली आहे का, हे कारागिरानं बघायचं असतं.

हिशोब दहावीच्या पोराला जमेल असा आहे. ईएल३४ची प्लेट २५ वॅट सोसते. क्लास एबीच्या ॲम्पमध्ये शांत असताना तिला ७० टक्क्यांच्या वर नेऊ नये, म्हणजे साडेसतरा वॅट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर करंट निघतो सुमारे ३९ मिलिॲम्पिअर. कॅथोड आणि ग्राउंडच्या मध्ये १ ओहमचा रेझिस्टर असला की मीटरवरचा १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिॲम्पिअर. त्यात थोडा स्क्रीनचाही करंट असतो, तो धरून चालायचं. प्रीसेट फिरवला की प्लेटचं व्होल्टेजही बदलतं, म्हणून परत मोजायचं. ॲम्प चांगला गरम झाल्यावर आणखी एकदा.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट, जी कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. मीटर आधी भिंतीतल्या सॉकेटला लावायचा. शेतातल्या मोटारी चालू असताना लाइट २०५ व्होल्टवर येते, मोटारी बंद झाल्या की २४०च्या घरात जाते. तू २०५वर साडेसतरा वॅट अगदी बरोबर लावलेस, तरी २४०वर तीच प्लेट २६ वॅटच्या जवळ जाते. निगेटिव्हही त्याच प्रमाणात वाढतं, तरीही. कारण प्लेटवरचा वॅट व्होल्टेजच्या अडीचव्या घातानं चढतो. २५ची प्लेट, २६ वॅट, वर परभणीचा मे महिना आणि मंडपातलं जनरेटर. म्हणून बायस लावताना मेनचं व्होल्टेज किती होतं, ते कार्डावर लिहून ॲम्पच्या आत चिकटवायचं. पुढच्या कारागिराला कळलं पाहिजे.

तुझा सगळ्यात मोठा गुन्हा मात्र वेगळाच आहे. मी फ्यूज काढून बघितला. त्यात कुणीतरी जाड तार गुंडाळली आहे, आणि दुकानातून जाताना ती तशीच गेली. फ्यूज उडाला असता तर दोन ट्यूब गेल्या असत्या, एवढंच. उडाला नाही म्हणून आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला. आता गुंडाळून घ्यायचा तर बरेच दिवस लागणार, लग्नसराई निघून जाणार आणि त्या गिटारवाल्या पोराची तेवढी कमाई बुडणार. ट्यूब काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. एकेकाळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपल्याकडेच ट्यूब बनायच्या, आता स्लोव्हाकिया, रशिया, चीनकडे तोंड करून बसावं लागतं. पैसे साठवून मागवल्या होत्या त्यानं.

आणि तुझ्या जिवाचं काय? प्लग काढला म्हणून आत हात घातलास. कपॅसिटरमध्ये चारशे-साडेचारशे व्होल्ट साठून राहतात, प्लग काढल्यावरही. रेझिस्टरनं ते उतरवायचे, मीटरनं शून्य आलं हे बघायचं, मगच बोट लावायचं. चालू चेसिसवर मोजताना दुसरा हात खिशात. स्पीकर न जोडता ॲम्प कधीही चालू करायचा नाही, मिनिटभरही नाही.

ट्रान्सफॉर्मरचा खर्च तू देणार आहेस. त्या पोराला आज फोन करून चूक माझी, असं स्वतःच्या तोंडानं सांगणार आहेस. उद्या सकाळी माझ्यासमोर मेन, प्लेट, ग्रिड आणि दोन्ही कॅथोड मोजून आकडे वहीत लिहायचे. ते बरोबर येईपर्यंत या दुकानातून तुझ्या हातचा एकही ॲम्प बाहेर जाणार नाही.