शहर शिकायला परदेशी जाताना

रॉटरडॅमची गृहनिर्माण व नागरी विकास अभ्याससंस्था १९५८ मध्ये सुरू झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या विकास नियोजन विभागाची मुळं १९५४ पर्यंत मागे जातात. ब्रुसेल्स, व्हिएन्ना, कोपनहेगन आणि माद्रिद या चार शहरांत दोन वर्षं शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आता आहे. शाश्वत नगरविकास शिकायला अशा ठिकाणी आपल्याकडचे वास्तुविशारद, स्थापत्य अभियंते, समाजशास्त्राचे विद्यार्थी जातात. कित्येकांच्या घरी त्यासाठी कर्ज काढलेलं असतं. त्यांनी तिथून काय घेऊन यावं, या प्रश्नाशी त्यांच्या नोकरीइतकाच आपल्या शहरांचाही संबंध आहे.

पहिली ओढ असते ती तयार उत्तरांची. २ जुलै २०११ रोजी कोपनहेगनमध्ये दोनेक तासांत सुमारे दीडशे मिलिमीटर पाऊस कोसळला, तळघरं बुडाली आणि पुढच्याच वर्षी शहराने अतिवृष्टीसाठी स्वतंत्र आराखडा तयार केला. रॉटरडॅमने २०१३ मध्ये बेन्थेमप्लेन हा जलचौक बांधला. एरवी तिथे मुलं खेळतात. मुसळधार पावसात तोच चौक सुमारे १७ लाख लिटर पाणी धरून ठेवतो. मुंबईहून गेलेल्या विद्यार्थ्याला हे पाहताना २६ जुलै २००५ आठवणारच. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. हिशेब मांडून पाहिला, तर तो अख्खा जलचौक भरायला त्या दिवशी अवघ्या अठरा गुंठ्यांवर पडलेलं पाणी पुरलं असतं.

म्हणून जलचौक निरुपयोगी ठरत नाही. पाणी साठवण्यासाठी जमिनीखाली टाक्या पुरायला जो पैसा जातो, तो माणसांना रोज वापरता येईल अशा जागेवर खर्च करावा, हा त्यामागचा विचार मोलाचा आहे. तितकीच मोलाची आहे ती आराखड्याआधी आजूबाजूचे विद्यार्थी, शिक्षक, चर्चमधली मंडळी यांच्याबरोबर बसून केलेली चर्चा. चौकाचं मोजमाप तिथल्या पावसाचं आहे. ती चर्चा मुंबईतल्या मिठी नदीच्या काठावरही करता येईल. तिथे समोर कोण बसेल, हे मात्र आपल्यालाच शोधावं लागेल. मालकीचा कागद नसलेला झोपडीधारक, गोदामातला मजूर, भंगारवाला यांना बोलावल्याशिवाय त्या नदीबद्दल कुठलाच आराखडा खरं बोलू शकणार नाही.

उत्तर उचललं आणि त्यामागची जुळणी तिकडेच राहिली, की काय होतं हे पुण्याने अनुभवलं आहे. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७४ पासून बसचे स्वतंत्र मार्ग आखले, आणि त्याच मार्गांच्या कडेने उंच, दाट वस्ती वाढू दिली. कोलंबियातल्या बोगोटाने २००० मध्ये ट्रान्समिलेनिओ ही बससेवा सुरू केली, तेव्हा तिच्या जोडीला फुटपाथ, सायकलमार्ग आणि खासगी मोटारींवर बंधनंही होती. पुण्यात २००६ च्या अखेरीस बीआरटीचा, म्हणजे बसच्या अशाच स्वतंत्र मार्गांचा, पहिला टप्पा धावू लागला. बसची मार्गिका रस्त्याच्या मधोमध आली. तिथवर पायी पोहोचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची, शाळकरी मुलीची वाट तितकी सुरक्षित झाली नाही. मार्गिका आखणं सोपं असतं. मोटारीची जागा काढून पादचाऱ्याला देणं हा राजकीय निर्णय असतो, आणि तो आयात करता येत नाही.

ही समज नवी नाही. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि त्यांनी इथल्या अनेक शहरांवर अहवाल लिहिले. सरळ, रुंद रस्त्यासाठी जुनी वस्ती पाडायला त्यांचा विरोध होता. आधी गल्ल्या पायी फिरा, विहिरी, तळी, देवळं, ओटे बघा, माणसं कशी राहतात ते समजून घ्या, मग नकाशावर रेघ ओढा; तोडावं लागलंच तर कमीत कमी तोडा, असा त्यांचा आग्रह होता. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या पाठिंब्याने मालवणचे गो. स. घुर्ये इंग्लंडला शिकायला गेले, केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतले आणि १९२४ मध्ये त्याच विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. शंभर वर्षांपूर्वीची ही देवाणघेवाण मला आजही आदर्श वाटते. एक जण इथल्या गल्ल्यांकडून शिकायला तयार होता, आणि दुसऱ्याने परदेशी शिस्त आपल्या समाजाच्या अभ्यासाला जुंपली.

आजच्या आंतरराष्ट्रीय वर्गाचं खरं बळ याच देवाणघेवाणीत आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या बायका त्या संस्थेच्या मालक-सभासद आहेत. तिकडे बोगोटातल्या कचरावेचकांनी आपल्या उपजीविकेच्या हक्कासाठी थेट कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयात दाद मागितली आणि मिळवली. या दोन शहरांतली मुलं रॉटरडॅमच्या एका बाकावर शेजारी बसतात, तेव्हा एकाला सहकाराची आणि दुसऱ्याला कायद्याची वाट समजते. युरोपातल्या वर्गात पुण्याने केवळ समस्या म्हणून हजर राहायचं कारण नाही. त्याच्याकडे शिकवण्यासारखंही पुष्कळ आहे. आपल्या विद्यार्थ्याला मात्र ते आधी ठाऊक हवं. कात्रजच्या तलावातून पेशवेकाळी पुण्याच्या हौदांपर्यंत पाणी कसं येत असे, हे ज्याने कधी पाहिलं नाही, त्याला नेदरलँड्समधले कालवेही अर्धेच समजतील.

म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रबंधासाठी आपल्याच शहराचा एखादा वॉर्ड निवडावा, असं मला मनापासून वाटतं. प्रबंध इंग्रजीत लिहावा लागेल, पण त्याचा सारांश मराठीत करून ज्या वस्तीत सर्वेक्षण केलं तिच्यासमोर मांडावा, आणि वस्तीतल्या लोकांनी काढलेल्या चुका दुरुस्त करूनच तो पुढे न्यावा. महापालिकांनीही अशा अभ्यासांसाठी प्रभाग समितीची दारं उघडावीत. ७४ व्या घटनादुरुस्तीने या समित्या दिल्या, त्या नागरिकांचं म्हणणं ऐकण्यासाठीच. परदेशातल्या शिक्षणाचं मोल पदवीच्या कागदावरून ठरवू नये. त्या शिक्षणानंतर आपल्या वस्तीतल्या किती माणसांना शहराच्या आराखड्यावर बोलता आलं, यावरून ते ठरावं.